खेळाच्या प्रक्षेपणाचा घरगुती हिशेब

सन 1927 च्या जुलै महिन्याच्या 23 तारखेस मुंबई येथें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें. त्या काळीं एखाद्याचा आवाज घरोघर पोंचवावयाचा म्हणजे उंच मनोरे, अवजड यंत्रें, सरकारी परवाना आणि तंत्र जाणणारीं माणसें हीं सर्व लागत. आज कोणत्याही घराच्या कोपऱ्यांतील टेबलावर एक छोटेंसें प्रक्षेपण-केंद्र मांडलेलें असूं शकतें. आणि त्याचा प्रमुख, निवेदक, तंत्रज्ञ व शिपाई हे चारही अधिकार सतरा-अठरा वर्षांच्या एकाच मुलाकडे असतात. तो संगणकावर खेळ खेळतो, खेळतां खेळतां बोलतो, आणि तें चित्र व तो आवाज थोड्याच सेकंदांत दूरच्या प्रेक्षकांपर्यंत पोंचतो. ह्यालाच 'गेम स्ट्रीमिंग' असें नांव आहे. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणाची सोय 2011 सालीं झाली. त्याच वर्षीं मुख्यतः खेळांसाठीं ट्विच हें स्थळ निघालें. आणि 2012 सालीं ओबीएस नांवाचा मोफत प्रोग्राम आला. तेव्हांपासून ह्या उद्योगास संगणक, इंटरनेटची जोडणी आणि हौस ह्यांपलीकडे फारसें भांडवल लागेनासें झालें.

वडील मंडळींस ह्याचें नवल वाटतें. एकानें खेळावें आणि दुसऱ्यानें तें घरीं बसून पाहावें, ह्यांत गंमत ती कसली? परंतु गल्लींतील क्रिकेट पाहण्यासाठीं कट्ट्यावर बसणारे लोक कांहीं आजचे नव्हेत. आणि बुद्धिबळाच्या पटाभोंवतीं उभे राहून खेळणारांपेक्षां अधिक बोलणारे गृहस्थ प्रत्येकानें पाहिलेले आहेत. हौस जुनीच, साधन तेवढें नवें. मात्र साधन नवें असल्यामुळें त्याचा हिशेब घरांत कोणासच ठाऊक नसतो, आणि कुरबुरीस आरंभ होतो तो येथेंच.

श्रोत्यांनीं असें एक घर डोळ्यांसमोर आणावें. डोंबिवलींतील दोन खोल्यांचें बिऱ्हाड. वडील रोज गाडीनें मुंबईस जाऊन येतात. आई घर व एक अर्धवेळ नोकरी सांभाळते. मुलगी बारावींत आहे आणि संध्याकाळीं सात ते नऊ तिचा शिकवणीचा वर्ग इंटरनेटवरून चालतो. तिचा भाऊ कॉलेजांत. त्यास मोटारींच्या शर्यतीच्या खेळाचा नाद, आणि त्याच सात ते नऊच्या वेळांत त्याचें प्रक्षेपण. प्रेक्षक फार नाहींत. दहा-बारा मित्र, दोन-चार अनोळखी माणसें, आणि कोल्हापुरास राहणारी आजी. आजीस शर्यतींतलें कांहीं समजत नाहीं. पण नातू बोलतांना दिसतो, एवढ्यासाठीं ती साडेसात वाजतां फोन हातांत घेऊन बसते.

पहिल्याच दिवशीं मुलानें प्रोग्रामची खिडकी उघडली. चित्राचा आकार किती, सेकंदास फ्रेमी किती, बिटरेट किती, असे प्रश्न त्यांत होते. त्यानें प्रत्येक ठिकाणीं मोठा आकडा निवडला: आकार 1920 गुणिले 1080, फ्रेमी 60, बिटरेट 6000. दहा मिनिटांत आजीचा फोन आला. "अरे, तुझी गाडी वळणावर गेली कीं सगळे चौकोन चौकोन दिसतात, आणि मग तूं तोंड उघडें टाकून तसाच थांबतोस." आंतल्या खोलींतून बहीण ओरडली, "दादा, बाईंचा आवाज तुटतोय! आज नेमका महत्त्वाचा धडा आहे." मुलानें निष्कर्ष काढला कीं संगणक जुना झाला, नवें ग्राफिक्स कार्ड पाहिजे. त्याची किंमत तीस हजारांच्या घरांत. वडिलांनीं तें ऐकून घेतलें आणि सांगितलें, "तीस हजार माझ्यापाशीं नाहींत, आणि हिची परीक्षा होईपर्यंत तुझें हें सर्व बंद."

ह्या भांडणांत कोणाचेंच खोटें नाहीं. पण कोणीं मोजमापही केलेलें नाहीं. आकडा निवडण्यापूर्वीं तो कशाचा आकडा आहे हें पाहिलें असतें, तर तीस हजारांची गोष्ट निघालीच नसती.

संगणकाच्या पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी होय. ह्या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. आडवे 1920 व उभे 1080 ठिपके असले म्हणजे एका चित्रांत 20,73,600 ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास 24 बिट लागतात असें धरलें, आणि अशीं 60 चित्रें एका सेकंदांत काढावयाचीं म्हटलीं, तर सेकंदास सुमारें 299 कोटी बिट होतात. मुलानें बिटरेट ठेविला होता 6000 किलोबिट, म्हणजे 60 लाख बिट. तात्पर्य, कच्च्या मालाच्या जवळजवळ पांचशें भागांपैकीं एकच भाग बाहेर पाठविण्याची परवानगी त्यानें यंत्रास दिली होती. उरलेले 499 भाग कोठें जातात? तें काम एन्कोडरचें.

एन्कोडर हा मोठा काटकसरी कारकून आहे. मनुष्याचा डोळा उजेड-अंधार जितका बारकाईनें टिपतो तितका रंग टिपीत नाहीं. म्हणून सामान्यतः तो चार चार ठिपक्यांस मिळून रंगाची माहिती एकदांच देतो. आभाळाचा निळा तुकडा जर शेजारच्या तुकड्यासारखाच असेल, तर तो पुन्हां वर्णन करीत नाहीं. "शेजाऱ्याप्रमाणें" एवढेंच लिहितो. आणि मागील फ्रेमींतली गाडी ह्या फ्रेमींत थोडी डावीकडे सरकली असेल, तर सबंध गाडी न काढतां ती किती सरकली तेवढेंच सांगतो. आज सर्वत्र चालणारी एच.264 ही पद्धत 2003 सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली, ती ह्याच तत्त्वांवर उभी आहे.

मात्र काटकसरीसही मर्यादा असते. बुद्धिबळाचा पट दाखवावयाचा असला तर कारकुनास जवळजवळ सुटीच. मिनिटांत एखादी सोंगटी हलणार. पण शर्यतीचा रस्ता, दुतर्फा झाडांचीं पानें, गवत, पाऊस, धूर असें दृश्य आलें म्हणजे प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमीहून निराळी. मग सांगावयाचें पुष्कळ आणि कागद तेवढाच, अशी स्थिति होते. आणि तो बारीक तपशील टाकून देऊन मोठमोठे चौकोन रंगवितो. आजीस वळणावर दिसले ते हेच चौकोन. म्हणून खेळ कोणता, हा पहिला प्रश्न. शांत, विचाराच्या खेळांस सेकंदास 30 फ्रेमी खुशाल पुरतात. शर्यत, नेमबाजी, चेंडूफळी ह्यांस 60 शोभतात. पण 60 घ्यावयाच्या तर त्यांचें पोट भरण्याइतके बिटही द्यावे लागतात.

दुसरा प्रश्न, बिट देतां येतील किती? येथें पुष्कळांची फसगत होते. इंटरनेटची जोडणी घेतांना जो आकडा मनांत ठसतो तो बहुधा डाउनलोडचा, म्हणजे बाहेरून घरांत येणाऱ्या माहितीच्या वेगाचा असतो. प्रक्षेपणास लागतो तो अपलोडचा वेग. घरांतून बाहेर जाणाऱ्या वाटेचा. कित्येक जोडण्यांत दोन्ही वेग सारखे असतात. कित्येकांत बाहेर जाणारी वाट पुष्कळ अरुंद असते. वेग मोजण्याचीं साधनें फुकट मिळतात. परंतु तो सकाळीं अकरा वाजतां, घरांत कोणी नसतांना मोजूं नये. ज्या वेळीं प्रक्षेपण करावयाचें त्याच वेळीं, दोन-चार निरनिराळ्या दिवशीं मोजावा. आणि येणाऱ्या आकड्यांतील सर्वांत मोठा नव्हे, तर सर्वांत लहान आकडा खरा मानावा.

डोंबिवलीच्या घरांत वडिलांनींच हा प्रयोग करावयास लाविला. आधीं संगणक वायफायवर होता, मध्यें भिंत. साडेसात वाजतां अपलोडचा आकडा कधीं 5 मेगाबिट तर कधीं 12, असा उड्या मारीत होता. शेजाऱ्यांचे वायफाय, भिंती आणि अंतर ह्यांमुळें असें होतें. मग राउटरपासून संगणकापर्यंत एक लॅन केबल भिंतीच्या कडेनें आणली. आतां चार संध्याकाळीं मोजूनही आकडा 8 च्या खालीं गेला नाहीं. थेट प्रक्षेपणास वेगाच्या उंचीपेक्षां त्याचा स्थिरपणा अधिक मोलाचा असतो, आणि तो साध्या तारेनें मिळतो.

आतां हिशेब सोपा झाला. सर्वांत कमी मिळालेला वेग 8 मेगाबिट, म्हणजे 8000 किलोबिट. बहिणीच्या वर्गासाठीं त्यांतून 2000 राखून ठेविले. मुलाचें चित्र 6000 व ध्वनि 160. बेरीज होते 8160. वाट 8000 ची आणि माल 8160 चा! म्हणून त्याचें चित्र थांबत होतें आणि तिच्या बाईंचा आवाज तुटत होता. दोघेंही एकाच दारांतून एकदम बाहेर पडूं पाहत होतीं, आणि दोघांचेही खांदे अडकत होते.

योग्य रीत अशी कीं, आधीं घरांतील इतरांचा वांटा बाजूस काढावा. तो येथें 2000, उरले 6000. त्यांतही सर्वच्या सर्व खर्चूं नये. तीन चतुर्थांश खर्चावे व एक चतुर्थांश अडीअडचणीसाठीं ठेवावे. म्हणजे झाले 4500. त्यांतून ध्वनीचे 160 वजा करून, थोडा उतार धरून, चित्रासाठीं 4300 किलोबिट. हा आकडा मुलास फार लहान वाटला. "बाबा, सगळे 6000 ठेवतात!" त्याचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें, ट्विचच्या मार्गदर्शनांत 1080 च्या चित्रास 60 फ्रेमींसह 6000 किलोबिटच सांगितलेले आहेत. पण ज्याच्या घरची वाट तेवढी रुंद नाहीं, त्यानें तो आकडा घेऊन करावयाचें काय?

येथें चित्राच्या आकाराचा प्रश्न येतो. 1280 गुणिले 720 ह्या आकारांत ठिपके 9,21,600. मोठ्या आकाराच्या निम्म्याहूनही कमी. आतां प्रत्येक ठिपक्याच्या वांट्यास किती बिट येतात तें पाहावें. पहिल्या रचनेंत 60 लाख बिट सेकंदास सुमारें 12 कोटी 44 लाख ठिपक्यांवर वांटले जात होते. एका ठिपक्यास 0.048 बिट. नव्या रचनेंत 43 लाख बिट 5 कोटी 53 लाख ठिपक्यांवर. एका ठिपक्यास 0.078. एकूण खर्च कमी झाला, पण प्रत्येकाच्या पानांत पडणारा घांस दीडपटीहून मोठा झाला. हें माप ढोबळ आहे, आणि एकाच खेळाच्या दोन रचना ताडून पाहण्यापुरतेंच तें वापरावें. परंतु त्यावरून एवढें कळतें कीं, उपाशी पडलेल्या मोठ्या चित्रापेक्षां पोटभर जेवलेलें लहान चित्र अधिक स्वच्छ दिसतें. त्यांतून आजी पाहते ती फोनच्या पडद्यावर; तेवढ्याशा पडद्यावर 1080 आणि 720 ह्यांतला फरक तिला दिसावयाचा नाहीं, चौकोन मात्र दिसतात.

ह्यासाठीं खेळाचा आकार बदलण्याचें कारण नाहीं. मुलाच्या पडद्यावर खेळ 1080 मध्येंच चालूं द्यावा. ओबीएसमध्यें मूळ आकार व बाहेर पाठविण्याचा आकार अशा दोन निराळ्या जागा असतात, त्यांतील दुसऱ्या जागीं 1280 गुणिले 720 घालावें. चित्र लहान करण्याची पद्धत म्हणून तेथें बायक्यूबिक किंवा लँझोस निवडावी. म्हणजे अक्षरें नीट वाचतां येतात.

प्रेक्षकाच्या बाजूचाही विचार हवा. यूट्यूब आलेल्या चित्राच्या लहान-मोठ्या प्रती करून ज्याच्या त्याच्या वेगाप्रमाणें देतें. सर्वच स्थळें प्रत्येक नवख्या प्रक्षेपकास ही सोय नेहमीं देतीलच असें नाहीं. जेथें ती नसेल तेथें पाठविलें तेंच चित्र प्रेक्षकाच्या गळीं उतरावें लागतें. आणि त्याची जोडणी मंद असेल तर त्याच्यापाशीं तें अडतें. तेव्हां बिटरेट ठरवितांना स्वतःच्या घराबरोबर पाहणाराचेंही घर लक्षांत घ्यावें.

आणखी दोन जागा त्याच खिडकींत असतात. एक म्हणजे बिटरेट स्थिर ठेवावयाचा कीं बदलता. थेट प्रक्षेपणास स्थिर ठेवावा. त्यास सीबीआर म्हणतात. दुधाचा रतीब जसा रोज ठरल्या मापानें येतो, तसा माल ठरल्या मापानें गेला म्हणजे वाटेंत दाटी होत नाहीं. दुसरी जागा कीफ्रेमची. एन्कोडर "मागच्याप्रमाणें" असें लिहीत जातो खरा. पण अधून मधून एक पुरें चित्र द्यावेंच लागतें, कारण नवा आलेला प्रेक्षक तेथूनच पाहूं लागतो. हें अंतर 2 सेकंद ठेवावें. 60 फ्रेमींच्या हिशेबानें दर 120 फ्रेमींस एक पुरें चित्र. अंतर फार वाढविलें तर येणारा प्रेक्षक खोळंबतो; फार कमी केलें तर पुऱ्या चित्रांतच बिट संपतात.

आतां संगणकाचा प्रश्न. मुलाचें म्हणणें होतें कीं यंत्र जुनें, म्हणून चित्र थांबतें. हा आरोप खरा कीं खोटा हें ठरविण्याचें साधन प्रोग्राममध्येंच असतें. ओबीएसच्या 'स्टॅट्स' नांवाच्या खिडकींत हुकलेल्या फ्रेमींचे तीन निरनिराळे आकडे दाखविलेले असतात, आणि तीन्ही एकच रोग नव्हेत. पहिला आकडा जाळ्यावर गळालेल्या फ्रेमींचा. त्याचा दोष इंटरनेटच्या वाटेकडे, आणि उपाय बिटरेट कमी करणें किंवा केबल लावणें. दुसरा, एन्कोडरनें वेळ न मिळाल्यामुळें सोडलेल्या फ्रेमींचा. येथें एन्कोडरचें ओझें हलकें केलें पाहिजे. तिसरा, चित्र रचण्यासच उशीर झाल्यामुळें हुकलेल्या फ्रेमींचा. येथें खेळानेंच ग्राफिक्सची सर्व शक्ति खाल्लेली असते, म्हणून खेळाच्या फ्रेमींवर मर्यादा घालावी, अगर खेळांतील सावल्या, प्रतिबिंबें असा थाटमाट उतरवावा. वैद्य ज्याप्रमाणें आधीं नाडी पाहतो व मग मात्रा देतो, त्याप्रमाणें आधीं हे तीन आकडे पाहावे. डोंबिवलीच्या मुलानें जुन्या रचनेवर दहा मिनिटें चालवून पाहिलें. दुसरा व तिसरा आकडा जवळजवळ शून्य. पहिला भराभर वाढत होता. म्हणजे तीस हजारांचें कार्ड आणलें असतें तरी आजीस चित्र थांबलेलेंच दिसलें असतें!

एन्कोडर निवडतांना दोन मार्ग असतात. एक एक्स264, हा मुख्य प्रोसेसरकडून काम करवून घेतो. त्याच्या चालींस अल्ट्राफास्ट, व्हेरीफास्ट, मीडियम, स्लो अशीं नांवें आहेत. चाल जितकी संथ तितकें तेवढ्याच बिटांत चित्र चांगलें. पण प्रोसेसरवर भार अधिक. खेळही त्याच प्रोसेसरवर चालणार, म्हणून घरच्या साध्या संगणकावर व्हेरीफास्टच्या पुढें जाण्याचा हव्यास धरूं नये. दुसरा मार्ग यंत्रांतच बसविलेल्या खास मंडलाचा. इंटेलनें क्विक सिंक ह्या नांवानें तें 2011 मध्यें आणलें. एनव्हिडियाचें एनव्हेंक 2012 मध्यें आलें. हें मंडल ह्याच कामासाठीं राखलेलें असल्यामुळें खेळावर फार थोडा भार पडतो. ज्या इंटेल प्रोसेसरांत अंगचे ग्राफिक्स असतात त्या पुष्कळ जुन्या संगणकांतही तें असतें. मालकास मात्र त्याचा पत्ता नसतो. 2018 मध्यें जाहीर झालेली एव्ही1 ही पद्धत थोड्या बिटांत अधिक चांगलें चित्र देते; परंतु तिचें एन्कोडिंग करणारें मंडल नव्या कार्डांतच असतें, आणि प्रत्येक स्थळ ती स्वीकारीत नाहीं. एच.264 सर्वत्र चालते. आरंभ तिनेंच करावा.

ओबीएसमध्यें सर्व आकडे आपोआप सुचविणारी सोयही आहे. नवख्यास ती सुरुवातीस उपयोगी पडते. पण त्या सोयीस बहिणीचा वर्ग ठाऊक नसतो. घरांत कोण केव्हां काय करतें, हें घरांतल्या माणसानेंच सांगावें लागतें.

ध्वनीची उपेक्षा करूं नये. चित्र थोडें मळकट असलें तरी प्रेक्षक बसून राहतो. आवाज फाटला तर तो उठून जातो, हें नभोवाणीच्या श्रोत्यांस वेगळें सांगावयास नको. 48 किलोहर्ट्झ व 160 किलोबिट ही ध्वनीची रचना पुरेशी आहे. बोलतांना आवाजाचा पट्टा पिवळ्या भागांत, म्हणजे उणे 20 ते उणे 9 डेसिबेलच्या मध्यें हालत राहावा. तांबड्या भागांत वारंवार जाऊं नये. खेळाचा आवाज बोलण्यापेक्षां स्पष्ट कमी ठेवावा; नाहींतर इंजिनाच्या घरघरींत नातवाचे शब्द बुडतात.

शेवटीं राहिला साठवून ठेवण्याचा, म्हणजे रेकॉर्डिंगचा प्रश्न. प्रक्षेपण आणि रेकॉर्डिंग हीं जुळीं भावंडें दिसतात, पण त्यांचे स्वभाव निराळे. रेकॉर्डिंगच्या वाटेंत इंटरनेट नाहीं. म्हणून बिट स्थिर ठेवण्याचें कारण नाहीं. येथें सीक्यूपी, किंवा एक्स264 मध्यें सीआरएफ, ही रीत घ्यावी. तींत दर्जा ठरवून दिला जातो व बिट लागतील तसे खर्च होतात. हा आकडा एच.264 मध्यें 0 पासून 51 पर्यंत असतो. लहान आकडा म्हणजे चांगलें चित्र व मोठी फाइल. 18 ते 23 च्या दरम्यान बहुतेकांचें समाधान होतें. सरासरी 20 मेगाबिट खर्च झाले तर तासास 9 गिगाबाइट जागा लागते, हें ध्यानांत ठेवून डिस्कवर जागा ठेवावी. यंत्र दुबळें असेल तर प्रक्षेपणाचेंच चित्र साठवावें. त्यास निराळें एन्कोडिंग लागत नाहीं. पुढें काटछांट करावयाची असेल तर खेळाचा आवाज व स्वतःचा आवाज निराळ्या ट्रॅकवर घ्यावा.

आणि एक सावधगिरी. मुलाच्या एका मित्रानें सहा जणांच्या स्पर्धेचा अंतिम सामना एमपी4 फाइलींत साठविला. सामना संपावयास पांच मिनिटें असतांना वीज गेली. दिवे आले तेव्हां फाइल होती, पण उघडेना. साध्या एमपी4 मध्यें आंत काय कोठें आहे ह्याची सूची शेवटीं लिहिली जाते. ती लिहिण्यापूर्वींच काम तुटलें, तर अनुक्रमणिका हरवलेल्या पोथीसारखी तिची गत होते. एमकेव्ही फाइलींत हा धोका बहुतांशीं नसतो. वीज जाण्याच्या क्षणापर्यंतचें चित्र बहुधा हातीं लागतें. ओबीएसमध्यें एमकेव्हीची एमपी4 करण्याची सोय आहे. तींत पुन्हां एन्कोडिंग होत नसल्यामुळें दर्जा उतरत नाहीं. 2024 मध्यें निघालेल्या 30.2 ह्या आवृत्तींत अशा संकटांत टिकणारा एमपी4 चा एक संमिश्र प्रकारही आला. ज्या गांवीं विजेचा भरंवसा नाहीं तेथें ह्यांपैकीं एक घ्यावाच. सहा मुलांचा तो सामना मात्र पुन्हां पाहावयास मिळाला नाहीं.

रचना ठरली म्हणजे लगेच जाहीर प्रक्षेपण करूं नये. रंगीत तालीम करावी. यूट्यूबवर यादींत न दिसणारें प्रक्षेपण करतां येतें. त्याची लिंक घरच्यांनाच द्यावी. प्रथमच थेट प्रक्षेपण सुरू करणारास ती सोय मिळण्यास 24 तासांपर्यंत वेळ लागतो, म्हणून तयारी आदल्या दिवशीं करावी. तालमींत खेळांतील सर्वांत धांवपळीचा भाग घ्यावा, तो निदान वीस मिनिटें चालवावा, आणि एका वेळीं एकच आकडा बदलावा. तीन आकडे एकदम बदलले आणि चित्र सुधारलें, तर कोणत्या औषधानें गुण आला हें कळत नाहीं.

डोंबिवलीच्या घरांत तालीम अशीच झाली. आकार 720, फ्रेमी 60, बिटरेट 4300, ध्वनि 160, एन्कोडर क्विक सिंक, कीफ्रेम 2 सेकंद. वडील घड्याळ घेऊन शेजारीं बसले. आंतल्या खोलींत वर्ग चालू होता. बहिणीनें दाराशीं येऊन मान हालविली, म्हणजे बाईंचा आवाज नीट येत होता. तीस हजारांचें कार्ड आलें नाहीं, आणि परीक्षेपर्यंत सर्व बंद, हा हुकूमही वडिलांनीं पुन्हां उच्चारला नाहीं. साडेआठ वाजतां कोल्हापुराहून फोन आला.

"आज तूं एकदांही थांबला नाहींस हो," आजी म्हणाली. "पण शेवटच्या वळणावर हरलास, तें मात्र स्वच्छ दिसलें."